ओळखीचा हात

भाचीच्या शाळेत सायबर सुरक्षेवर व्याख्यान होतं. घरातलं एक मोठं माणूस सोबत यावं असा निरोप होता, ताईला रजा मिळेना, म्हणून मी गेले. ऑक्टोबरचा उकाडा, पत्र्याच्या छताचा हॉल, पालकांना खुर्च्या आणि मुलं खाली सतरंजीवर. पंख्यांचा एवढा आवाज, की वक्त्यांनी एक पंखा बंद करायला लावला आणि थोड्या वेळानं कुणीतरी तो पुन्हा लावला. पडद्यावर पहिलंच चित्र आलं ते आपण सगळ्यांनी कितीदा तरी पाहिलेलं: अंधारी खोली, लॅपटॉपचा निळा उजेड, हुडीत डोकं खुपसून बसलेला बिनचेहऱ्याचा माणूस. आमच्याकडे या दिवसांत अंगावर बनियन ठेववत नाही आणि हा हुडी घालून बसलेला. त्याच्यापासून कसं वाचायचं ते वक्ते सांगू लागले. अनोळखी माणसाशी चॅट करायचं? नाहीऽऽ. अनोळखी रिक्वेस्ट घ्यायची? नाहीऽऽ. तेवढ्यात मधल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "सर, आणि ओळखीचा असला तर?" दोन-चार मुलं हसली. वक्ते भले गृहस्थ होते, सुट्टीच्या दिवशी मानधन न घेता आले होते. म्हणाले, "ओळखीचा असेल तर मग प्रश्नच नाही. पण तरी आईबाबांना विचारायचं." आणि पुढची स्लाइड आली, पासवर्ड कसा असावा याची.

मुलगी खाली बसली. तिच्या प्रश्नात काही असेलच असं नाही, सातवीतली मुलं काहीही विचारतात. पण "मग प्रश्नच नाही" हे तीन शब्द घरी आले तरी माझ्या मागे होते. त्याला कारण माझं कामही असेल. माझं पोट प्रश्नांवर चालतं. आता मी बसून इतरांच्या प्रश्नावल्या तपासते, पूर्वी वही-पेन्सिल घेऊन दारोदार फिरायचे. कुठला प्रश्न कुणाला, कसा, कुणासमोर विचारायचा याचं एक मोठं शास्त्र आहे आणि ते बाहेरून अतिशय कंटाळवाणं दिसतं. मुलांच्या ऑनलाइन शोषणाबद्दल आज जगाला जे काही खात्रीनं माहीत आहे, त्यातलं बरंचसं याच कंटाळवाण्या शास्त्रानं मिळवलेलं आहे, आणि ते त्या हुडीवाल्याच्या चित्राशी फारसं जुळत नाही.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठात डेव्हिड फिंकेलहॉर नावाचे समाजशास्त्रज्ञ आहेत. मुलांवरच्या गुन्ह्यांचा अभ्यास करणारं तिथलं केंद्र त्यांनी उभं केलं. घराघरांत इंटरनेट नुकतं शिरत होतं तेव्हा त्यांच्या गटानं १० ते १७ वयाच्या १,५०१ मुलामुलींना फोन करून विचारलं, की गेल्या वर्षभरात ऑनलाइन कुणी नको तसं बोललं का, नको ते मागितलं का. सुमारे पाचातल्या एकानं हो म्हटलं. हा आकडा २००० सालचा. तो एवढा गाजला की वर्तमानपत्रांनी आणि भाषणांनी त्याचा पार चेंदामेंदा केला. दर पाच मुलांमागे एकाच्या दाराशी नराधम उभा, असं चित्र झालं. मूळ अहवालात विचारणारे पुष्कळसे समवयस्कच होते, आणि बऱ्याच मुलांनी ते सरळ झटकून टाकलं होतं. संशोधकांनी नंतर कितीदा तरी हे समजावून सांगितलं. तेच प्रश्न २००५ मध्ये पुन्हा विचारले तेव्हा प्रमाण सातात एक झालं, २०१० मध्ये आणखी खाली, ९ टक्के. म्हणजे इंटरनेट वाढत होतं आणि हा विशिष्ट त्रास कमी होत होता. ही बातमी मात्र कुणी पहिल्या पानावर छापली नाही.

त्याच गटाचा २००८ मधला एक लेख मी मधूनमधून पुन्हा वाचते. पोलिसांकडे आलेल्या प्रकरणांवरून त्यांनी पाहिलं, की इंटरनेटवर मुलाला गाठून गुन्हा करणारे प्रौढ स्वतःला किती वेळा लहान मुलगा किंवा मुलगी म्हणवतात. फक्त ५ टक्के. बाकीच्यांनी आपण मोठे आहोत हे लपवलंही नव्हतं. ते कौतुक करत होते, ऐकून घेत होते, आईबापांपेक्षा जास्त वेळ देत होते. मुलांना फसवून भेटायला नेलं नव्हतं. आपण आपल्या माणसाला भेटायला चाललोय असं वाटून ती गेली होती. पुढे २०२२ मध्ये फिंकेलहॉर यांच्याच गटानं अमेरिकेतल्या १८ ते २८ वयाच्या २,६३९ तरुणांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. १५.६ टक्के जणांवर अठराच्या आत ऑनलाइन लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार घडलेला होता. करणारे बहुतेक कोण? प्रेमातला मुलगा किंवा मुलगी, मित्र, ओळखीपाळखीचे. अनोळखी माणसं होती, पण अल्पसंख्येत.

ओळखीचा असेल तर प्रश्नच नाही.

आमच्या लहानपणी लग्नघरात गाद्या घालताना आजी आणि आत्या यांच्यात एक न बोललेली व्यवस्था असायची. एका काकांची गादी नेहमी ओसरीवर, पुरुषांच्या रांगेत पार पलीकडच्या टोकाला. मुलींच्या खोलीची कडी आत्या आतून लावायची आणि स्वतः दाराला आडवी झोपायची. दुपारी पत्त्यांचा डाव बसला आणि काकांनी एखादीला "ये गं, माझ्या बाजूनं खेळ" म्हणून जवळ ओढलं, की माजघरातून आजीची हाक यायची: "इकडे ये बघू, कोथिंबीर निवडायला." गेलं तर कोथिंबीर निवडून झालेली असायची. काका गोरेपान, हसरे, हातावर कायम अत्तराचा वास. वाढदिवस लक्षात ठेवणारे. मला ते आवडायचे, हेही खरंच आहे. आजीनं कधी काही सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही, आणि तरी चौदाव्या वर्षापर्यंत आम्हा सगळ्या बहिणींना त्यांच्या शेजारची जागा टाळता येऊ लागली होती. त्या बायकांकडे पक्की माहिती होती. वर्षानुवर्षं पाहून, ताडून गोळा केलेली. ती फक्त कुठे नोंदवलेली नव्हती, आणि कुणाच्या तोंडावर म्हणायची सोय नव्हती.

नोंदवण्यावरून एक आठवतं. मी नवीन होते तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत आरोग्याच्या पाहणीसाठी फिरत होते. पडवीत एक नवी सून माझ्यासमोर बसलेली, तिची सासू सुपात तांदूळ घेऊन दोन हातांवर. मी प्रश्न वाचायचे, सून सासूच्या सुपाकडे बघून उत्तर द्यायची. सगळं बरं आहे, काही त्रास नाही, नाही, नाही. निघताना ती मला पायवाटेपर्यंत पोचवायला आली आणि आंब्याखाली उभी राहून तिनं भराभर जे सांगितलं, त्यात त्या फॉर्मवरचं एकही उत्तर टिकत नव्हतं. फॉर्मच्या शेवटी एक चौकोन असायचा: मुलाखतीच्या वेळी आणखी कोण हजर होतं? तोवर तो मला कारकुनी चौकोन वाटायचा. त्या दिवसापासून मी कुठलीही प्रश्नावली हातात आली की आधी तो शोधते.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सोनिया लिव्हिंगस्टन यांनी २०१० मध्ये युरोपातल्या २५ देशांतल्या ९ ते १६ वयाच्या सुमारे २५ हजार मुलांची पाहणी केली, तेव्हा हा चौकोन त्यांनी फार मनावर घेतलेला दिसतो. मुलाखत घरीच, पण नाजूक प्रश्न मुलानं स्वतः वाचायचे आणि स्वतःच उत्तर नोंदवायचं. मुलाखत घेणाऱ्यालाही ते दिसायला नको. आईबापांपैकी एकाला तेच प्रश्न वेगळे विचारायचे. मग दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची. ज्या मुलांनी ऑनलाइन लैंगिक चित्रं पाहिल्याचं सांगितलं, त्यांच्यातल्या ४० टक्क्यांच्या आईबापांनी ठामपणे सांगितलं होतं, की आमच्या मुलानं असलं काही पाहिलेलं नाही. पाहणीचं आणखी एक म्हणणं मला सुरुवातीला पटायला जड गेलं होतं: जी मुलं नेटवर जास्त वावरतात त्यांना धोके जास्त भेटतात, पण त्यातून सुटायची हुशारीही त्यांनाच येते. धोका भेटणं आणि इजा होणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मोजल्या. नुसता फोन काढून घेतला तर धोका कमी होतो, हुशारीही कमी होते.

आपल्याकडेही विचारलं गेलेलं आहे. महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ मधला अहवाल १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला, त्यात महाराष्ट्रही होता आणि गोवाही. तेव्हा मुलांच्या हातात स्मार्टफोन नव्हते. ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा एखादा तरी प्रकार सोसल्याचं सांगितलं. छळणाऱ्यांतले निम्मे मुलाच्या ओळखीचे, त्याचा भरवसा असलेले. आणि बहुतेक मुलांनी तोवर कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं. पाच वर्षांनी मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो कायदा आला, त्याच्यामागे या अहवालाचं बळ होतं. माझ्या आजीला जे ओसरी आणि माजघर यांच्यामधल्या अंतरात माहीत होतं, ते दिल्लीत छापून यायला एवढा काळ लागला.

यातली मला सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट मात्र आकड्यांची नाही, एका हाताची आहे.

स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात स्यू ब्लॅक शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. हाडांवरून मृतांची ओळख पटवणं हे त्यांचं मूळ काम. २००६ च्या सुमाराला लंडनच्या पोलिसांनी त्यांच्याकडे एक चित्रफीत आणली. एका किशोरवयीन मुलीचं म्हणणं होतं, की वडील रात्री तिच्या खोलीत येऊन तिच्याशी नको ते करतात. घरात कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा तिनं स्वतःच रात्रभर संगणकाचा कॅमेरा चालू ठेवला. पहाटेच्या अंधारात कॅमेऱ्याला अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी जे दिसलं तेवढं नोंदलं गेलं: एका पुरुषाचा हात आणि कोपरापर्यंतचा भाग, चौकटीत येतो आणि जातो. चेहरा नाही. अवरक्त प्रकाशात एक गंमत होते, शिरांमधलं ऑक्सिजन कमी असलेलं रक्त तो प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे कातडीखालच्या शिरा काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात. पोलिसांचा प्रश्न साधा होता. हा हात कुणाचा, हे सांगता येईल का? ब्लॅक यांनी असं काही तोवर केलेलं नव्हतं. पण हातावरच्या शिरांची मांडणी माणसागणिक वेगळी असते हे शरीररचनेच्या अभ्यासकांना माहीत होतं. जुळ्यांच्या शिरा सारख्या नसतात, एवढंच काय, एकाच माणसाचा डावा हात उजव्याशी जुळत नाही. त्यांनी वडिलांच्या हाताचे फोटो मागवले आणि रेघ रेघ ताडून पाहिली. मांडणी जुळली.

असला पुरावा ब्रिटनच्या कोर्टात त्याआधी आलेला नव्हता, म्हणून तो घ्यावा की नाही यावरच आधी वाद झाला. न्यायाधीशांनी घेतला. ब्लॅक यांनी साक्ष दिली. आणि ज्यूरीनं वडिलांना निर्दोष सोडलं.

नंतर ब्लॅक यांच्या कानावर आलं ते असं, की विज्ञानाबद्दल ज्यूरीला शंका नव्हती. मुलीबद्दल होती. साक्ष देताना ती पुरेशी रडली नव्हती.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच ओटा पुसला. जिनं घरातल्या कुणाच्याही मदतीशिवाय, स्वतःचा पुरावा स्वतः गोळा करायला कॅमेरा लावला, ती कोर्टात कोरड्या डोळ्यांनी बोलली यात आश्चर्य काय? पण बारा माणसांना रडणारी मुलगी हवी होती. आपल्या पॉक्सो कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यावा, अधिकाऱ्यानं गणवेशात असू नये, साक्षीच्या वेळी आरोपी समोर दिसू नये, अशा तरतुदी आहेत. सगळ्या चांगल्या आहेत. किती रडलं म्हणजे खरं, याबद्दल कुठल्या कायद्यात काय लिहिणार?

ब्लॅक त्या निकालावर थांबल्या नाहीत, आणि मला त्यांचं कौतुक वाटतं ते पुढच्या रटाळ कामासाठी. मांडणी जुळते असं म्हणणं सोपं; पण हजार माणसांत तशी मांडणी आणखी किती जणांची असेल, हे कुणी मोजलेलंच नव्हतं. मोठ्या दुर्घटनांत मृतांची ओळख कशी पटवायची याचं प्रशिक्षण घ्यायला त्या काळात ब्रिटनभरचे पोलीस डंडीला येत. त्या पाचशेहून अधिक पोलिसांना त्यांनी विनंती केली, तुमचे हात, दंड, पाय यांचे फोटो काढू द्या. साध्या प्रकाशात आणि अवरक्त प्रकाशात. पोलिसांनी बाह्या सरसावल्या. मग शिरा झाल्या, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या झाल्या, तीळ, ठिपके, जुने व्रण, नखांच्या बुडाची पांढरी चंद्रकोर. एकेक खूण वेगळी मोजायची, कारण एका खुणेवर कुणाला तुरुंगात घालता येत नाही. चार-पाच खुणा एकाच हातावर एकत्र येण्याची शक्यता किती, ते सांगता आलं पाहिजे. पुढे त्या लँकेस्टर विद्यापीठात गेल्या आणि २०१९ मध्ये युरोपीय संशोधन परिषदेच्या पैशांतून याच कामाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात सामान्य लोकांनाच सांगितलं, की तुमच्या हातांचे फोटो मोबाइलवर काढून पाठवा. पाच हजारांहून जास्त हात हवे होते, कारण ते फोटो पाहून संगणकाला शिकवायचं होतं.

अत्याचाराचे फोटो काढणारा माणूस स्वतःचा चेहरा कधी येऊ देत नाही. हात मात्र चुकून येतो. ब्लॅक यांच्या म्हणण्यानुसार, हाताचा पुरावा समोर ठेवला की बहुतेक प्रकरणांत आरोपी गुन्हा कबूल करतो. त्याचा सगळ्यात मोठा फायदा असा, की मग मुलाला कोर्टात उभं राहावंच लागत नाही. रडायचा किंवा न रडायचा प्रश्न येत नाही.

मी माझा हात दिव्याखाली धरून पाहिला. डाव्या तर्जनीवर विळीचा व्रण, मनगटाशी एक तीळ, शिरा अंगठ्याकडे फाटा फोडून गेलेल्या. एक गुन्हेगार हात ओळखायचा तर हजारो निरपराध हात आधी मोजावे लागतात, ही कल्पना मला विचित्र वाटली आणि आवडली.

फोटोंबद्दल संगणकशास्त्रज्ञांनी केलेलं काम लोकांना थोडंफार ठाऊक असतं. २००९ मध्ये डार्टमथ कॉलेजचे हानी फरीद यांनी मायक्रोसॉफ्टबरोबर फोटोडीएनए नावाची पद्धत तयार केली. अत्याचाराचा एखादा फोटो एकदा पकडला गेला, की तो पुन्हा कुठेही चढवला गेला तर ओळखू यावा, यासाठी. फोटो काळापांढरा करायचा, ठरावीक मापाचा करायचा, त्याचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात उजेड-अंधार कसा बदलतो त्याचे आकडे काढायचे. मग कुणी फोटोचा आकार बदलला, रंग हलवले तरी आकडे साधारण तेच राहतात. कंपन्या फोटो न बघता आकडे ताडून पाहतात. जुळले, की अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राला कळवतात. या केंद्राकडे २०२३ मध्ये ३ कोटी ६० लाखांहून जास्त सूचना आल्या. २०१९ च्या करारानंतर भारताशी संबंधित सूचना राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागामार्फत राज्यांकडे येतात. आपल्याकडे एखाद्या गावात अशा व्हिडिओसाठी कुणाला अटक झाल्याची चार ओळींची बातमी येते, तिची सुरुवात पुष्कळदा एवढ्या लांब झालेली असते.

जुना फोटो पुन्हा पकडून काय मिळणार, असं मला आधी वाटायचं. कॅनडातल्या बालसंरक्षण केंद्रानं २०१७ मध्ये अशा फोटो-व्हिडिओंतून वाचलेल्या १५० जणांना विचारलं होतं. सुमारे ७० टक्के जण कायम याच धास्तीत होते, की तो फोटो पाहिलेला कुणीतरी आपल्याला रस्त्यात ओळखेल. त्यांतल्या ३० जणांना खरंच कुणीतरी ओळखलेलं होतं. अत्याचार वीस वर्षांपूर्वी थांबलेला, आणि बसमध्ये समोरचा माणूस जरा जास्त वेळ बघत राहिला की आजही पुढच्या थांब्यावर उतरायचं. हे विचारून कळलं. कुठल्या यंत्रानं सांगितलं नसतं.

यंत्राच्या बाबतीत विद्यापीठांनी दुसरं एक काम केलं, ते म्हणजे वेळेवर हात धरायचं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांनी २०२१ मध्ये आपल्या छोट्या मुलाच्या सुजेचा फोटो डॉक्टरांना पाठवायला काढला. यंत्रणेनं तो गुन्हा ठरवला, त्यांचं गूगल खातं गेलं, पोलीस चौकशी झाली. पोलिसांनी निर्दोष म्हटलं तरी खातं परत मिळालं नाही. त्याच वर्षी ॲपलनं आयफोनमध्येच फोटो तपासायची योजना जाहीर केली, तेव्हा सुरक्षा आणि गूढलेखनाचे (संदेश सांकेतिक करून लपवण्याच्या शास्त्राचे) अभ्यासकच पुढे आले. दोन अगदी वेगळ्या चित्रांचे आकडे जुळवून दाखवता येतात हे त्यांनी काही दिवसांतच सिद्ध केलं, आणि आज मुलांसाठी उघडलेलं दार उद्या सरकारं कशासाठी वापरतील ते विचारलं. ॲपलनं २०२२ च्या अखेरीस योजना सोडून दिली. यात कोण बरोबर, मला अजून ठरवता येत नाही. मुलांसाठी झटणारे चिडले ते मला कळतं. आक्षेप घेणारेही मुलांचे शत्रू नव्हते.

आता तर चित्रं तयार करणारी यंत्रं आली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनगटातले डेव्हिड थील यांनी डिसेंबर २०२३ मध्ये दाखवून दिलं, की अशी यंत्रं ज्या प्रचंड चित्रसंग्रहावर शिकवली जातात त्यातल्या लायन-५बी नावाच्या एका संग्रहात मुलांच्या अत्याचाराच्या चित्रांचे दुवे आहेत. संशयास्पद नोंदी ३,२२६ निघाल्या, त्यांतल्या हजारावर बाहेरून पडताळून झाल्या. असली चित्रं स्वतः उघडून पाहणं हाही गुन्हा, म्हणून त्यांनी आकडे ताडायचाच मार्ग वापरला आणि पडताळणी अधिकृत केंद्रांकडून करून घेतली. संग्रह तेव्हा मागे घेतला गेला, पुढच्या वर्षी साफ करून पुन्हा आला. पण ज्यांनी तो आधीच उतरवून घेतला होता त्यांचं काय, हा प्रश्न तसाच आहे.

देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून १९९६ मध्ये चाइल्डलाइन ही मुलांसाठीची फोनवरची मदतसेवा सुरू झाली ती अभ्यासक्रमाला जोडलेला एक क्षेत्रीय प्रकल्प म्हणून. मुंबईच्या स्टेशनांवर राहणाऱ्या मुलांशी बोलता बोलता कळलं, की मदत रात्री लागते आणि रात्री सगळी कार्यालयं बंद असतात. म्हणून फोन. १०९८ हा नंबर ‘दस-नौ-आठ’ असा मुलांच्या तोंडी बसला. विद्यापीठातलं संशोधन म्हणजे जाड काचेच्या चष्म्यातून काढलेला प्रबंध, असं आपल्याकडे एक हेटाळणीचं चित्र आहे. स्टेशनच्या फलाटावर बसून मुलांना "रात्री काय करता?" विचारणं हेही त्यातच येतं.

त्या व्याख्यानानंतरच्या आठवड्यात भाची माझ्याकडे राहायला होती. मी तिला "तुला कुणी त्रास देतं का गं?" असं विचारलं नाही. या प्रश्नाला ‘नाही’ याशिवाय उत्तर येत नाही, हे मी पैजेवर सांगीन. दोघी शेंगा सोलत बसलो होतो, टीव्ही चालू होता, ताई घरात नव्हती. मी आधी सांगून टाकलं, की काहीही बोललीस तरी तुझा फोन कुणी काढून घेणार नाही, ती जबाबदारी माझी. मग विचारलं, "तुमच्या वर्गातल्या मुलींना मोठी माणसं मेसेज करतात का? म्हणजे सर, शेजारचे काका, कुणाचे भाऊ वगैरे?" ती म्हणाली, करतात की. एकीच्या क्लासचे दादा रोज गुड नाइट पाठवतात. एकीचा आतेभाऊ फोटो मागतो. बराच वेळ इतरांचं सांगून झाल्यावर टरफलं गोळा करता करता म्हणाली, "आणि मावशी, फॅमिली ग्रुपवरचे ते आजोबा मला वेगळा मेसेज करतात. डान्सच्या ड्रेसमधला फोटो पाठव म्हणाले. मी नाही पाठवला. पण रोज विचारतात." कुठले आजोबा, ते मला विचारावं लागलं नाही. काका आता पंच्याहत्तरीला आलेत.

ती रडली नाही. तिला तर जरा कंटाळा आल्यासारखा वाटत होता.

रात्री ताईला सांगितलं. ताईनं मेसेज वाचले, स्क्रीनशॉट घेतले, आणि एक शब्दही न बोलता आईच्या खोलीत गेली. मी मागोमाग. दिवाळीनंतर चुलतभावाच्या मुलीचं लग्न आहे आणि पत्रिकांची यादी आईच्याच हातात होती. आईनं चष्मा लावून फोन बघितला, खाली ठेवला, आणि म्हणाली, "म्हातारे झाले ते आता." ताई म्हणाली, "तुला माहीत होतं." आई म्हणाली, माहीत असून आम्ही काय करणार होतो, तुमची आत्या दाराशी झोपायची ते काय हौस म्हणून? मग दोघींचं चांगलंच जुंपलं. लोक काय म्हणतील, त्यांची मुलं काय म्हणतील, लग्नाच्या तोंडावर हे कशाला, आणि पोरीनं तरी त्या ग्रुपवर कशाला असावं. शेवटच्या वाक्यावर ताईचा आवाज चढला. "ती का जाईल? ते जातील." तिनं तिथेच उभं राहून त्यांना ग्रुपमधून काढलं. ॲडमिन तीच आहे.

पंधरा मिनिटांत चुलतभावाचा फोन आला. आई खुणेनं नको नको म्हणत होती. ताईनं फोन उचलला, स्पीकरवर टाकला, आणि म्हणाली, "बोल दादा. आई पण इथेच आहे, ऐकतेय."